बहुधा पास

वासणा, बडोदे
कोजागिरीनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप मंदामावशीस,

निरुपमाचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून केला आहे. गेल्या आठवड्यापासून कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं हे नुसतं पत्रात लिहायचं काम राहिलेलं नाही. कंबर का धरली तेही पुढे येईल.) इकडे सगळे बरे आहेत. माधव रोज नंदेसरीच्या कारखान्यात जातो आणि संध्याकाळी कसल्या तरी रसायनाचा वास घेऊन घरी येतो. नाना, म्हणजे माझे सासरे, एक्याऐंशीचे झाले, पण अजून शाळेत गणित शिकवत असल्यासारखे बोलतात, म्हणजे वाक्य संपलं की "का?" विचारतात. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? आणि साखर? उपाशीपोटी किती येते, जेवणानंतर किती येते, आणि अधूनमधून एखादा गोड घास चालेल असं तुझ्या डॉक्टरांनी म्हटलं आहे का, हे सविस्तर कळव. (हे मी सहज विचारते आहे.)

पत्र कशाला, फोन मोडला का, असं तू म्हणशील. फोन चांगला आहे. पण तुझा फोन लागला की नाना तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि खुर्ची ओढून समोर बसतात, आणि या पत्रातली एक गोष्ट नानांच्या कानावर जाऊन चालणार नाही. समोरच्या बंगल्यातल्या प्रतापरावांची मुलगी दुर्गा (तीच, जी तिकडे अमेरिकेत तुमच्याच गावात असते आणि तुला भाजी आणायला गाडीतून नेते) रविवारी परत निघाली आहे. तिच्या हाती हे पत्र देईन. सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तुला निम्मं माहीत आहे, आणि निम्मं माहीत असलेल्या माणसाचा घोळ काही माहीत नसलेल्या माणसापेक्षा मोठा असतो.

माधवला कंपनीने अमेरिकेत पाठवलं आणि आम्ही त्या बर्फाच्या राज्यात राहिलो (तुझा मुलगा श्रीकृष्ण जिथे अजून राहतो आणि दर हिवाळ्यात "यंदा सोडतोच" म्हणतो), तेव्हा मी तिथल्या एका लहानशा ऑफिसात नकाशे काढायची आणि तिथला आर्किटेक्टचा परवाना मिळावा म्हणून परीक्षा द्यायची. परीक्षा म्हणजे एक पेपर नव्हे, सात. एकेक करून द्यायचे. आणि नियम असा की पेपर पास झाला की त्याला पाच वर्षांची मुदत. तेवढ्यात बाकीचे सगळे सुटले तर ठीक, नाहीतर तो बाद. म्हणजे दुधाच्या सात पिशव्या आणून ठेवायच्या आणि पहिली नासायच्या आत सातवी आणायची, मग बासुंदी. माझ्या सहा पिशव्या आल्या.

आता यात नानांचा भाग असा, की एकेक पेपर सुटला की मी बडोद्याला फोन करायची आणि नाना सगळ्या सोसायटीत पेढे वाटायचे. मी म्हणायची, नाना, सगळे झाले की एकदमच वाटा. नाना म्हणायचे, पोर पहिलीत पास झालं की पेढा देतात, मॅट्रिक होईपर्यंत थांबत नाहीत. का? (या "का"ला उत्तर नसतं. ते उत्तर देण्यासाठी विचारलेलंच नसतं.) सहा पेपर, सहा वेळा पेढे. शेजारच्या दक्षाबेनच्या घरी तर त्यांच्या सुना समजत होत्या की निरुपमाबेन हा मराठी लोकांचा वर्षातून दोनदा येणारा सण असावा.

मग सासूबाई गेल्या, नाना एकटे पडले, आम्ही परत आलो. सातवा पेपर पुढच्या वर्षी देऊ म्हटलं. पुढचं वर्ष आलं, ते नानांच्या खुब्याच्या ऑपरेशनात गेलं. त्याच्या पुढचं कशात गेलं ते मला आजही सांगता येत नाही, आणि याच गोष्टीचं जास्त वाईट वाटतं. अशा रीतीने पहिली पिशवी नासली.

मावशी, तू मला लहानपणापासून ओळखतेस. चौथीत बाईंनी चुकून दोन मार्क जास्त दिले म्हणून मी शाळा सुटल्यावर त्यांच्या घरी गेले होते, आणि बाई जेवत होत्या. तर पेपर बाद झाला तेव्हा माझ्या मनात आलं, की ज्या कारणासाठी आपण या माणसांना पेढा खाऊ घातला ते कारणच आता उरलेलं नाही, आणि हे त्यांना माहीत नाही. माधव म्हणाला, कुणाच्या लक्षातसुद्धा नसेल. मी म्हटलं, तेच तर. लक्षात नसताना चुकीची समजूत मनात राहणं हे अधिक वाईट. तेव्हा मी एका रविवारी सकाळी साडी नेसून घरोघर गेले आणि सांगितलं, की अमुक साली ज्या पेपरचे पेढे तुम्हाला मिळाले, तो पेपर आता धरला जात नाही.

दक्षाबेननी मला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण बेन, पेंडो तो क्यारनो पची गयो! हवे एमां पाछुं शुं लेवानुं?" मी म्हटलं, पचलेला पेढा परत नको आहे, फक्त आनंद परत घ्यायचा आहे. त्या उठून आत गेल्या आणि डबाभर हांडवो (तो त्यांचा भाजलेला खारा केक) घेऊन आल्या. दुसऱ्या घरीही तसंच. माणूस पांढरा चेहरा करून दारात उभा राहतो आणि "आता राहिला नाही" असं म्हणतो, तेव्हा समोरच्याला सुचायचं तेच सुचतं. संध्याकाळपर्यंत दोघीजणी आमच्याकडे भेटायला येऊन गेल्या आणि जाताना नुसत्या हात जोडून गेल्या. प्रतापरावांनी तर फाटकातूनच विचारलं, "काय सूनबाई, दहावा कधी?"

नाना महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. बोलले तेव्हा एकदाच बोलले. म्हणाले, "माझे वडील परीक्षा देऊन संस्थानच्या दप्तरात लागले. संस्थान गेलं. मग मुंबई राज्य झालं. मग गुजरात झालं. राज्यकर्ते बदलले, कचेरीच्या पाट्या बदलल्या, भाषा बदलली. कुणी त्यांना पुन्हा परीक्षेला बसा म्हटलं? का? पास तो पास. शिळं होतं ते अन्न, विद्या नव्हे." मी म्हटलं, नाना, तिकडचा नियम तसा आहे. नाना म्हणाले, मग तो नियम नापास आहे.

उरलेले पाच पेपर पुढे एकेक करून बाद झाले आणि मी प्रत्येक वेळी गेले. (तू हसशील. पण एकदा सुरू केल्यावर मधेच थांबलं असतं तर लोकांना वाटलं असतं की बाकीचे अजून शाबूत आहेत.) शेवटी शेवटी मला लांबून येताना पाहिलं की दक्षाबेन आत हांडवो टाकायला सांगायच्या. सहावा पेपर गेल्यावर मी नानांकडून वचन घेतलं, की यापुढे माझा कसलाही निकाल लागला तरी पक्का कागद हातात आल्याशिवाय सोसायटीत एकही पेढा जाणार नाही. नानांनी वचन दिलं. सोसायटीत नाही, म्हणाले.

आता माझ्या नोकरीविषयी, कारण सगळं तिथूनच पुन्हा उठलं. अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात अमेरिकेतल्या कंपन्यांचे नकाशे काढायला येतात. ते झोपतात तेव्हा आम्ही काढतो, आम्ही झोपतो तेव्हा ते सही करतात. गेल्या वर्षी तुमच्याच राज्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं काम आलं, तिथे मुलांसाठी एक नवीन खोली जोडायची आहे. ती खोली, मावशी, मी काढली. पूर्वेच्या भिंतीला लांब खिडकी आणि खिडकीत बसायचा कट्टा, असा की पाच वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकतील आणि त्याच्या आजीलाही गुडघे न मोडता बसता येईल. (आजी काढताना तुझे गुडघे डोळ्यांपुढे होते.) नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत काढणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं असतात आणि जबाबदार आर्किटेक्टचं पूर्ण नाव असतं. मी आजवर ती दोन अक्षरं आहे. अक्षरांबद्दल माझी तक्रार नाही, ती माझीच आहेत. पण तिकडच्या ऑफिसच्या मुख्य बाईंनी ती खोली पाहून लिहिलं, की तुमच्याकडे आमच्या राज्याचा परवाना असता तर या कामावर मी तुमचं नाव घातलं असतं. काम वसंतात सुरू होतंय, तोवर काही करता येतं का पाहा.

मी प्रामाणिकपणे कळवलं, की सहा पेपर पास होते पण सगळे मुदत संपून मेले. त्यांचं लगेच उत्तर आलं, की अहो, ती पाच वर्षांची मुदत परीक्षा मंडळाने केव्हाच काढून टाकली! परीक्षेचं स्वरूप दर काही वर्षांनी बदलतं. आता असं ठरलं आहे, की ज्या स्वरूपात पेपर दिला ते आणि त्याच्या पुढचं स्वरूप चालू आहे तोवर पास तो पास. माझ्या जुन्या सात पेपरांचे आता सहा झाले आहेत, पण हिशेब जुळवून माझा एकच उरतो. मंडळाने हे मलाही कळवलं होतं. पण मंडळाच्या मेल मी उघडतच नव्हते. गेलेल्या माणसाच्या नावाने घरी पत्रं येत राहतात तशा त्या येत होत्या, आणि माझं नाव यादीतून काढा असं लिहायचा मला संकोच वाटत होता. नानांना सांगितलं तेव्हा ते उठले, वडिलांच्या तसबिरीपुढे गेले, तिच्यावरची धूळ उपरण्याने पुसली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "का?" प्रतापरावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मेलेलं परत आलं तर पहिल्यापासून सगळे संस्कार करावे लागतात, सूनबाई. आता बारसं करा."

पण इतकं सोपं असतं तर मी तुला एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. परीक्षा साऱ्या देशाची एक, पण परवाना ज्या त्या राज्याचा, आणि जुने पेपर धरायचे की नाही हे ते राज्य ठरवणार. मी दोन्हीकडे फोन केले. आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा त्यांची कचेरी उघडते, त्यामुळे एका हातात उदबत्ती आणि एका हातात फोन. बर्फाच्या राज्यातला माणूस म्हणाला, आमच्या कायद्यात अजून पाच वर्षंच आहेत. बदलण्याचा विचार चालू आहे. तुमच्या राज्यातली बाई म्हणाली, आमच्याकडे चालतात. मी म्हटलं, नक्की? कारण तिकडचे नाही म्हणतात. ती म्हणाली, तिकडचं तिकडे. मी म्हटलं, पण पेपर तर तेच आहेत, एकीकडे जिवंत आणि एकीकडे मेलेले कसे? आणि फार जुने आहेत हो ते, तुम्ही नीट पाहिलंत का? यावर ती म्हणाली, बाई, तुम्हाला पास व्हायचं आहे की नाही? फोन ठेवल्यावर माधव म्हणाला, अजून दोन मिनिटं बोलली असतीस तर तू स्वतःला तिथेही नापास करून घेतलं असतंस.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. आपल्याला हे नवीन का वाटावं? कधी कधी पंचांगात एकादशी दोन दिवस येते, स्मार्त आज आणि भागवत उद्या, आणि आज ज्याने भात खाल्ला त्याला उद्या कुणी बाटगा म्हणत नाही. आमच्या याच गल्लीत दक्षाबेनचं नवीन वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लागतं आणि आमचं गुढीपाडव्याला, त्यामुळे मधले पाच-सहा महिने आम्ही दोन वेगवेगळ्या सालांत राहून एकमेकींना कोथिंबीर देतो. तर मीही एकाच वेळी पास आणि नापास असू शकते, फक्त कुठे उभी आहे ते पाहायचं. असं स्वतःला समजावून मी तुमच्या राज्यासाठी नाव नोंदवलं आणि शेवटच्या पेपराच्या अभ्यासाला लागले. शेहेचाळिसाव्या वर्षी अभ्यास म्हणजे आधी चष्मा शोधायचा, मग तो कशासाठी शोधला ते शोधायचं. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर मी रिंगणात उभी राहून बाहेर पडायच्या दारांची रुंदी माणसांच्या मानाने पुरते का ते मोजत होते, आणि मागून दक्षाबेन ओरडत होत्या, "ताळी पाडो, बेन, ताळी!" (पुरत नव्हती. सेक्रेटरींना सांगून मी दुसरं फाटक उघडवलं, आणि आरतीच्या वेळी त्यातून गाय आली. पण ते वेगळं पत्र होईल.)

आता ती गोष्ट. माधव आत्ता नानांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला आहे, तेवढ्यात लिहून घेते.

पेपर घरून द्यायची सोय आहे. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा, आणि कुठेतरी लांब बसलेला एक माणूस आपल्यावर नजर ठेवतो. त्याने आधी चारी भिंती दाखवायला सांगितल्या. कॅलेंडर उतरवायला लावलं, त्यावर अक्षरं होती म्हणून. सासूबाईंचा फोटो राहू दिला. त्या मला काही सांगणार नाहीत अशी त्याची खात्री पटली असावी. नानांना मी आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं, की खोलीत कुणी आलं तर पेपर रद्द होऊ शकतो. नानांना ते पटलं. त्यांची अडचण वेगळी होती. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर द्यायची, हे ठीक. पण जो निघतच नाही त्याला दही केव्हा द्यायचं? त्यांनी विचार करून तोडगा काढला. मी उंबऱ्यात दही घ्यायचं, घराबाहेर पडायचं, सोसायटीला एक फेरी मारायची आणि मागच्या दाराने परीक्षेला यायचं. मी तसं केलं. (प्रतापराव अंगणात होते. "काय, पोचलात का अमेरिकेला?" म्हणाले.)

पेपराच्या मधे थोडी सुट्टी असते. मी बाहेर येऊन पाणी प्यायले, पाठ ताणली आणि आत जाऊन बसले. नाना तेव्हा देवघरात होते. पूजा आटोपून बाहेर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मी खोलीतून बाहेर आले होते म्हणजे पुन्हा निघाले होते, आणि दुसऱ्यांदा निघताना माझ्या हातावर दही पडलेलं नाही. त्यापुढे त्यांना काही सुचलं नसणार. मी एका जिन्याच्या प्रश्नावर होते, इतक्यात दार उघडलं आणि सोवळ्यातले नाना वाटी-चमचा घेऊन आत आले.

पडद्यावरचा पेपर थांबला आणि खाली अक्षरं उमटली: हे गृहस्थ कोण? त्यांच्या हातात काय आहे? मी लिहिलं: सासरे. दही. मग मला वाटलं की उत्तर अपुरं आहे, म्हणून लिहिलं: साखर घातलेलं. मग वाटलं, विचारलं नसलं तरी सांगायला हवं, म्हणून लिहिलं: पहिल्या भागाआधीही दिलं होतं. तेवढ्यात नानांनी कॅमेऱ्याकडे पाहून त्याला नमस्कार केला आणि मला विचारलं, "हे बिचारे केव्हापासून बसलेत? त्यांनी काही खाल्लं का?" मी मानेने "जा, जा" करत होते. त्यांनी शांतपणे माझ्या उजव्या तळहातावर दही ठेवलं, "विजयी भव" म्हणाले आणि दार लावून गेले.

पलीकडून आलं: पुढे चालू करा. घटनेची नोंद घेतली आहे. निकालाआधी तिची पाहणी होईल. पेपर चालू असताना काहीही खायला मनाई आहे.

आता मावशी, तू सांग. खाल्लं तर नियमभंग. पुसलं तर अपशकुन, आणि नानांच्या हातचं. मी उरलेला सगळा पेपर उजवा हात तसाच वर धरून डाव्या हाताने माउस चालवत दिला. कंबर धरली ती अशी. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर लगेच एक अंदाज दिसतो, आणि तो अंदाज होता: बहुधा पास. मग मी दही खाल्लं. पातळ झालं होतं, पण गोड होतं.

बहुधा पास म्हणजे काय, यावर मी आठवडाभर विचार करते आहे. मार्कांमुळे बहुधा, का दह्यामुळे बहुधा? पक्का निकाल अजून यायचा आहे. नानांना वाटतं दुसऱ्या वेळच्या दह्यानेच काम झालं. फोन करणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात, की मी वेळेवर गेलो म्हणून, नाहीतर ही तशीच बसली होती. त्या नोंदीबद्दल मी त्यांना सांगितलेलं नाही. माधवलाही बजावलं आहे. गल्लीत सहा वेळा हिंडून खरं सांगणारी मी, आणि ही एवढी एक गोष्ट घरातल्या घरात सांगवत नाही. ती सांगणं बरोबर की न सांगणं बरोबर हे रोजनिशीत मी तीन वेळा लिहून पाहिलं, आणि तिन्ही वेळा शेवटी नानांचा नमस्कार करणारा हातच आठवला. तेव्हा सध्या सांगत नाही. पण मन आतून हलकं आहे, मावशी. का कोण जाणे, यंदा ती खिडकी मला उघडी दिसते, आणि कट्ट्यावर कुणीतरी बसलेलं.

श्रीकृष्णाला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लाव, आणि साखरेचं नक्की कळव. बाकी तुझ्याकडून मला काही नको, एवढं वाचलंस हेच पुष्कळ.

तुझी,
निरुपमा

ता. क. हे पत्र ज्या पिशवीत आहे तिच्यात तळाशी एक डबा आहे. त्यात पेढे आहेत. मला आज दुपारी कळलं. नानांनी परस्पर दुर्गाकडे नेऊन दिले. मी वचनाची आठवण केली तर म्हणाले, सोसायटीत नाही असं ठरलं होतं, आणि अमेरिका सोसायटीत येत नाही. का? तर मावशी, कृपा करून निकाल कळेपर्यंत डबा उघडू नकोस. फ्रीजरमध्ये ठेव. मार्कांची मुदत वाढली आहे, पेढ्यांची वाढलेली नाही.

ता. क. २. (शनिवार.) आत्ता लक्षात आलं, की नाना मंगळवारी तुला फोन करून पेढे कसे होते ते विचारणार. न खाता छान होते म्हणालीस तर ते खोटं होईल, आणि ते मी तुझ्यावर लादलेलं असेल. म्हणून एक खा. साखर तपासून, पाव खा. आणि खरी विनंती ही, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं: निकाल वाईट लागला तर नानांना तू सांग, की तुमच्या राज्याने नियम पुन्हा बदलला. राज्यं बदलतात, नियम बदलतात, यावर त्यांचा लगेच विश्वास बसेल. दह्याचं नाव काढू नकोस. हे धडधडीत खोटं आहे आणि मी ते तुला सांगायला सांगते आहे. यात पाप असेल ते माझ्या नावावर, पूर्ण नावावर, दोन अक्षरांवर नव्हे.

ता. क. ३. (रविवार. दुर्गाची गाडी दारात उभी आहे, अक्षर लागत नसेल तर क्षमा.) निकाल आला. पास. नोंदीपुढे लिहिलं आहे की आक्षेप नाही. ता. क. २ मी खोडते आहे, खोडलेलं वाचू नकोस. (निकाल म्हणजे परवाना नव्हे, कागद तुमच्या राज्याकडून यायला वेळ लागेल, हे मी सगळ्यांना सांगते आहे आणि कुणी ऐकत नाहीये. दक्षाबेन रिकामा डबा घेऊन स्वतःच आल्या आहेत.) प्रतापराव बॅग उचलताना म्हणाले, "झालं ना बारसं? नाव काय ठेवलंत?" तर नाना फाटकात उभं राहून सबंध गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "निरुपमा माधव दिघे, आर्किटेक्ट!"

डबा उघड. वसंतात वाचनालयाचा पाया खणतील त्या दिवशी जाऊन ये, आणि खोली झाली की त्या कट्ट्यावर बसून पाय टेकतात का ते खरं खरं सांग. फक्त पेढे श्रीकृष्णाला पाठवू नकोस. त्याच्या राज्यात मी अजून नापास आहे. (नाना ओरडून सांगताहेत, की मग त्याला तुझ्याकडे बोलावून घे आणि तिथेच खायला घाल. हे नियमात बसतं. मी विचार करून पाहिला.)